घटनादुरुस्ती: गाडी नेमकी कुठे अडते?

घाटमाथा

आरक्षणाच्या धाग्यावर परवा दोन विधानं लागोपाठ आली. एक, "घटना बदलणं आता कुणालाच शक्य नाही." दुसरं, "२०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या, मग घटनेला अर्थ काय उरला?" मला दोन्ही पटत नाहीत. दोन्हींत चूक एकच आहे: सगळे बदल एकाच तराजूत घातले आहेत. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतो. राजकीय पक्षांची बाजू इथे मांडू नये, कार्यपद्धतीवर बोलू, ही विनंती.

आपल्या घटनेत बदलाच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट साध्या बहुमताची. नवं राज्य, राज्याची सीमा, राज्याचं नाव हे सगळं कलम ३ आणि ४ खाली साध्या कायद्यानं होतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले ते मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० या साध्या कायद्यानं. त्यानं घटनेची पहिली आणि चौथी अनुसूची बदलली. तरीही कलम ४(२) सांगतं की ही कलम ३६८ (घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारं कलम) खालची घटनादुरुस्ती धरायची नाही. म्हणून १०६ च्या आकड्यात ती नाही. विधान परिषद आणणं किंवा काढणं (कलम १६९) हेही याच वाटेनं जातं, फक्त आधी त्या विधानसभेचा विशेष बहुमतानं (त्याचं गणित खाली येईल) केलेला ठराव लागतो.

ही वाट दिसते तितकी सरळ नाही. देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर कलम ३ पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितलं आणि त्यासाठी नववी दुरुस्ती करावी लागली. गोवा ३० मे १९८७ ला राज्य झालं ते साध्या कायद्यानं, पण सोबत ५६ वी दुरुस्ती आलीच. कारण कलम १७० प्रमाणे विधानसभेत किमान ६० आमदार हवेत आणि गोव्यासाठी तो आकडा फार मोठा होता. म्हणून ३७१-झ हे कलम घालून किमान संख्या ३० केली.

दुसरी वाट विशेष बहुमताची. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, आठवी अनुसूची अशा बहुतेक गोष्टी इथे येतात. १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, आली ती ७१ व्या दुरुस्तीनं, याच वाटेनं.

तिसऱ्या वाटेत विशेष बहुमत तर हवंच, वर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी हवी. ती कशाला लागते त्याची यादी ३६८(२) च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या "परंतु..." या अटीत) आहे: राष्ट्रपतींची निवडणूक (५४, ५५), केंद्र आणि राज्यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती (७३, १६२), सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची प्रकरणं, केंद्र-राज्य कायदेविषयक संबंध, सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही सूची (केंद्राचे, राज्यांचे आणि दोघांचे विषय), संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद (२७९-क) आणि खुद्द कलम ३६८.

आता विशेष बहुमत म्हणजे काय. इथे दोन चाळण्या आहेत आणि दोन्हींतून एकाच वेळी पार व्हावं लागतं. पहिली: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. लोकसभेत ५४३ पैकी २७२, राज्यसभेत २४५ पैकी १२३. जागा रिक्त असली, सदस्य आजारी असला, तरी छेद तोच राहतो. दुसरी: हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. सगळे ५४३ मतदानाला बसले तर ३६२ लागतात, राज्यसभेत सगळे २४५ बसले तर १६४.

नेहमीच्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर कलम १०८ खाली संयुक्त बैठक बोलावता येते. १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये ती बोलावली गेली. घटनादुरुस्तीला ती सोय नाही. राज्यसभा नाही म्हणाली की विषय तिथेच संपतो.

आणि हे पुस्तकी नाही. ५ सप्टेंबर १९७० ला संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं विधेयक राज्यसभेत आलं. बाजूनं १४९, विरोधात ७५. एकूण मतं २२४, त्यांचे दोन-तृतीयांश १४९.३३. म्हणजे हवी होती १५०. एका मताच्या तिसऱ्या हिश्शानं दुरुस्ती पडली. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं संस्थानिकांची मान्यता काढून पाहिली, तो आदेश डिसेंबर १९७० मध्ये न्यायालयानं रद्द केला, आणि अखेर १९७१ मध्ये २६ वी दुरुस्ती करावी लागली.


सोनकी

छान धागा. दोन शंका. एखाद्या पक्षानं सभात्याग केला किंवा सभागृहात बसून तटस्थ राहिला तर दोन-तृतीयांशाचं गणित कसं बदलतं? आणि लोकसभेत ४०० जागा मिळाल्या की घटना हवी तशी बदलता येते, हे कितपत खरं?


घाटमाथा

सभात्याग आणि तटस्थ, दोन्हींचा परिणाम सारखाच. "हजर राहून मतदान करणारे" यात तटस्थ धरत नाहीत. म्हणजे दोन्ही वेळा छेद लहान होतो आणि दुरुस्ती आणणाऱ्याला मदत होते. मात्र पहिली चाळणी हलत नाही. लोकसभेत ४०८ पेक्षा कमी मतं पडली तर दोन-तृतीयांश आकडा २७२ च्या पुढे जातच नाही, मग २७२ हीच खरी अट उरते. ४०० जणांनी मतदान केलं, २६८ बाजूनं आणि १३२ विरोधात, तर दोन-तृतीयांश होऊनही विधेयक पडलं. राज्यसभेत हाच उंबरठा १८४ मतांपाशी आहे.

म्हणूनच एखाद्या पक्षाला दुरुस्ती पाडायची असेल तर सभात्याग करून भागत नाही, विरोधात बटण दाबावंच लागतं. बातमीत "निषेध म्हणून सभात्याग" वाचलं की मी आधी मतविभागणीचे आकडे शोधतो. त्या सभात्यागानं विधेयकाची वाट सोपी केली का, हे तिथेच कळतं.

४०० जागांबद्दल: १९८४ च्या निवडणुकीनंतर लोकसभेत एका पक्षाकडे ४०० हून जास्त जागा होत्या. त्याच सरकारची ६४ वी (पंचायत राज) आणि ६५ वी (नगरपालिका) घटनादुरुस्ती विधेयकं ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत थोडक्या मतांनी पडली. तोच विषय ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीच्या रूपानं १९९२ मध्ये मंजूर झाला आणि १९९३ मध्ये अमलात आला. राज्यसभेचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी बदलतात. त्यामुळे लोकसभेतली लाट तिथे पोचायला वेळ लागतो, आणि पोचेपर्यंत लाट ओसरलेलीही असू शकते.


निवडुंग

राज्यांच्या मंजुरीसाठी तीन-चतुर्थांश राज्यं लागतात असं कॉलेजात शिकल्याचं आठवतं. निम्मी की तीन-चतुर्थांश?


तळटीप

तीन-चतुर्थांश ही अमेरिकेची अट, ५० पैकी ३८. आपल्याकडे "निम्म्यापेक्षा कमी नाही", म्हणजे आज २८ राज्यांपैकी १४. "निम्म्याहून अधिक" असंही अनेकदा छापलं जातं, तेही चूक.

मंजुरीच्या टप्प्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज फार आहेत.

दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं विधेयक राष्ट्रपतींकडे जाण्याआधी राज्यांकडे जातं. संसदेचं सचिवालय राज्यांच्या विधिमंडळांना विधेयकाची प्रत पाठवतं. तिथे साध्या बहुमताचा ठराव पुरतो. जिथे विधान परिषद आहे, जसं महाराष्ट्रात, तिथे दोन्ही सभागृहांत ठराव होतो. राज्यपालांची सही लागत नाही. ठरावात फक्त "मंजूर" किंवा "नामंजूर" म्हणता येतं, स्वल्पविरामही बदलता येत नाही. राज्य सरकारच्या मंत्रिमंडळानं पत्र पाठवून चालत नाही, विधिमंडळाचाच ठराव हवा.

किती दिवसांत मंजुरी द्यायची, याला घटनेत मुदत नाही. राज्यानं ठराव घेतलाच नाही तर तो नकार धरला जात नाही, फक्त मोजणीत येत नाही. व्यवहारात अडचण अधिवेशनांच्या वेळापत्रकाची होते. संसदेत दुरुस्ती ऑगस्टमध्ये झाली आणि राज्यांची पावसाळी अधिवेशनं आटोपली असतील तर हिवाळ्यापर्यंत थांबा, नाही तर खास अधिवेशन बोलवा. जीएसटीच्या वेळी हेच झालं. ८ ऑगस्ट २०१६ ला लोकसभेची अंतिम मंजुरी, १२ ऑगस्टला आसामचा पहिला ठराव, महाराष्ट्रानं ऑगस्टअखेर खास अधिवेशन घेतलं, ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती. पूर्ण काम एका महिन्यात उरकलं.

पण त्याआधी किती वर्षं गेली ते पाहा. पहिलं विधेयक (११५ वं) मार्च २०११ मध्ये मांडलं. २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते बुडालं. डिसेंबर २०१४ मध्ये १२२ वं मांडलं, मे २०१५ मध्ये लोकसभेनं मंजूर केलं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं, ३ ऑगस्ट २०१६ ला तिथे बदलांसह मंजूर झालं, म्हणून पुन्हा लोकसभेत यावं लागलं. राज्यांच्या महसुलाच्या भरपाईवर सहमती होईपर्यंत ते सरकलं नाही. कलम ३६८ ला लागला एक महिना, राजकीय बोलणीला साडेपाच वर्षं.

याच्या उलट १०३ वी दुरुस्ती (आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण): लोकसभा ८ जानेवारी २०१९, राज्यसभा ९ जानेवारी, संमती १२ जानेवारी, अंमल १४ जानेवारी. राज्यांची मंजुरी लागणार नाही अशी भूमिका घेतली की इतकी घाई शक्य होते. माझं मत: अशा विषयाला दोन दिवसांची चर्चा फार कमी होती. दुरुस्ती २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ३ विरुद्ध २ नं टिकली, तरी हे मत बदलत नाही.


पुरवणी मागणी

विधेयक "बुडणं" यात एक बारकावा आहे. लोकसभेत प्रलंबित असलेलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली की बुडतं, मग ते राज्यसभेनं आधी मंजूर केलेलं का असेना. महिला आरक्षणाचं १०८ वं विधेयक ९ मार्च २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभेत ते मतास आलंच नाही आणि २०१४ ला संपलं. २०२३ मध्ये सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

विधेयकाचा क्रमांक आणि दुरुस्ती कायद्याचा क्रमांक वेगळे असण्याचं कारणही हेच. १२२ व्या विधेयकाची १०१ वी दुरुस्ती झाली, १२३ व्याची १०२ वी. मधली विधेयकं पडली, बुडाली किंवा मागे घेतली गेली. बातम्यांत दोन्ही आकडे सरमिसळ करून लिहितात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आता कुणी न लिहिलेला टप्पा: खंडवार मतदान (खंड म्हणजे विधेयकातलं एकेक कलम). साध्या विधेयकात आवाजी मतदानानं खंड झपाट्यानं मंजूर होतात. घटनादुरुस्तीत लोकसभेच्या नियमांप्रमाणे विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव, प्रत्येक खंड, प्रत्येक अनुसूची आणि शेवटी "मंजूर करावे" हा प्रस्ताव, या सगळ्यांना विशेष बहुमत हवं आणि मतविभागणी हवी. सभागृहाच्या संमतीनं काही खंड एकत्र मतास टाकता येतात. मात्र विधेयक मांडण्याची परवानगी आणि खंडांवर सदस्यांनी सुचवलेल्या सुधारणा यांना साधं बहुमत पुरतं.

१७ डिसेंबर २०२४ ला एकत्र निवडणुकांचं १२९ वं विधेयक मांडलं गेलं तेव्हा २६९ विरुद्ध १९८ अशी मतं पडली. "दोन-तृतीयांश नाही, म्हणजे विधेयक पडलं" असं तेव्हा अनेकांनी लिहिलं. पडलं नाही. मांडायला दोन-तृतीयांश लागत नाही. शेवटच्या मतदानात मात्र याच ४६७ मतांमध्ये ३१२ लागली असती.

साधं बहुमत आणि विशेष बहुमत यांच्या या सांध्यातच गाडी अडकते. जुलै २०१७ मध्ये मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारं १२३ वं विधेयक राज्यसभेत होतं. खंड ३ मध्ये आयोगाच्या रचनेबद्दल विरोधकांनी सुधारणा सुचवली. सत्ताधारी बाकांवर हजेरी कमी होती, सुधारणा साध्या बहुमतानं मंजूर झाली. मग तो सुधारलेला खंड मतास आला, त्याला हवं विशेष बहुमत, ते मिळालं नाही. खंडच गळाला. उरलेलं विधेयक मंजूर झालं, पण त्यात मुख्य खंडच नाही. पुन्हा लोकसभा, पुन्हा राज्यसभा, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १०२ वी दुरुस्ती. एका दुपारच्या गैरहजेरीनं वर्ष गेलं.


सोनकी

१०२ वी म्हणजे मराठा आरक्षणाच्या निकालात आलेली तीच ना?


पुरवणी मागणी

हो, तीच. ३४२-क या कलमात राष्ट्रपतींनी सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची यादी जाहीर करावी अशी रचना होती. राज्यांचे अधिकार जात नाहीत, असं केंद्र सरकार सांगत होतं. ५ मे २०२१ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा रद्द केला आणि ३ विरुद्ध २ अशा बहुमतानं म्हटलं की शब्द पाहता मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरत नाही. मग ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार परत दिला. विरोधात एकही मत पडलं नाही.

मसुदा लिहिणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखं आहे. मंत्री सभागृहात काय म्हणाले, समितीच्या अहवालात काय होतं, यापेक्षा कलमाचे शब्द जड ठरतात. एका वाक्यानं "राज्यांच्या याद्यांना बाधा येणार नाही" असं २०१८ मध्येच लिहिलं असतं तर १०५ वी लागली नसती.


बांधावरून

सहकारातल्या माणसांसाठी ९७ व्या दुरुस्तीबद्दल लिहितो. राज्यांची मंजुरी लागते की नाही, हे चुकीचं ओळखलं तर काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

१५ फेब्रुवारी २०१२ पासून ९७ वी दुरुस्ती अमलात आली. तिनं तीन गोष्टी केल्या. १९(१)(ग) मध्ये सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क घातला. ४३-ख हे मार्गदर्शक तत्त्व घातलं. आणि भाग ९-ख असा अख्खा नवा भाग घातला: संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत ५ वर्षं, वेळेवर निवडणूक, वेळेवर लेखापरीक्षण, अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी एक आणि महिलांसाठी दोन जागा.

हेतू चांगलाच होता. साखर कारखान्यांपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत वर्षानुवर्षं रखडलेल्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या त्यांना हे सांगायला नको. पण "सहकारी संस्था" हा विषय सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहे, नोंद ३२. संसदेनं सूचीला हात लावला नाही, म्हणून राज्यांना विचारायची गरज नाही असं धरलं. गुजरात उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २० जुलै २०२१ ला सांगितलं की सूचीतला शब्द बदलला नाही तरी त्या विषयावरचा राज्याचा कायदे करण्याचा अधिकार तुम्ही आखडला आहे, म्हणून निम्म्या राज्यांची मंजुरी हवीच होती. भाग ९-ख राज्यांतल्या संस्थांपुरता गेला. बहुराज्य सहकारी संस्थांपुरता २ विरुद्ध १ नं टिकला. १९(१)(ग) आणि ४३-ख यांना धक्का लागला नाही.

संसदेत बहुतेक सगळ्यांचा पाठिंबा असलेल्या दुरुस्तीला १४ विधिमंडळांचे ठराव मिळवणं अवघड नव्हतं. ते मागितलेच नाहीत.


निवडुंग

मग आमच्यासारख्या गृहनिर्माण संस्थांच्या समितीची ५ वर्षांची मुदत, निवडणूक प्राधिकरण, हे सगळं आता गेलं का?


बांधावरून

नाही. महाराष्ट्रानं ९७ व्या दुरुस्तीशी जुळवून घेण्यासाठी २०१३ मध्ये स्वतःचा १९६० चा सहकारी संस्था कायदा बदलला. तो राज्याचा कायदा आहे, राज्य सूचीतल्या अधिकारावर उभा आहे. भाग ९-ख गेला म्हणून तो आपोआप जात नाही. फरक इतकाच की आता राज्याला वाटलं तर विधिमंडळ तो बदलू शकतं, घटनेचं बंधन आड येत नाही. त्यामुळे संस्थेच्या सभेत कुणी २०२१ चा निकाल फडकावून निवडणूक टाळायला लागला तर त्याला राज्याच्या कायद्यातलं कलम दाखवा.


तळटीप

राज्यांची मंजुरी न घेण्याच्या या चुकीला जुना दाखला आहे. ५२ वी दुरुस्ती, १९८५, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची. तिच्या ७ व्या परिच्छेदात अपात्रतेच्या बाबतीत न्यायालयांना अधिकार नाही असं होतं. म्हणजे कलम १३६ आणि २२६ चा अधिकार कापला, आणि ती कलमं न्यायालयांच्या प्रकरणांतली. राज्यांची मंजुरी घेतली नव्हती. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात ३ विरुद्ध २ नं तो परिच्छेद तेवढा गळाला, बाकी अनुसूची राहिली. महाराष्ट्रातल्या २०२२ च्या सत्तांतराचा वाद घटनापीठापुढे जाऊन ११ मे २०२३ ला निकाल लागला. तो परिच्छेद टिकला असता तर अपात्रतेच्या प्रश्नावर हा दरवाजा उघडणं फार कठीण झालं असतं.

मसुदा तपासताना मी एवढंच बघतो: बदलाचा परिणाम परंतुकातल्या यादीवर होतो का? "कुठलं कलम बदललं" एवढं विचारून थांबलं की ९७ वीसारखं फसायला होतं.


भरती ओहोटी

मेलबर्नहून. इथली पद्धत पाहिली की आपल्या ३६८ चा लवचीकपणा कळतो. ऑस्ट्रेलियात कलम १२८ खाली संसदेनं मंजूर केलेली प्रत्येक दुरुस्ती दोन ते सहा महिन्यांत थेट मतदारांपुढे जाते. देशभरात बहुमत हवं, आणि सहापैकी किमान चार राज्यांतही बहुमत हवं. आजवर ४५ प्रस्ताव गेले, ८ मंजूर झाले, शेवटचे १९७७ मध्ये. त्याच १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकत्र घेण्याचा प्रस्ताव ६२ टक्के मतं मिळवूनही पडला, कारण राज्यं तीनच मिळाली. १४ ऑक्टोबर २०२३ ला आदिवासींच्या सल्लागार मंडळाचा प्रस्ताव सहाही राज्यांत हरला.

मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे ज्याला विषय कळला नाही तोही मत देतो, आणि शंका असली की "नाही" वर खूण करतो. दोन मोठ्या पक्षांपैकी एक विरोधात गेला की प्रस्ताव पडला म्हणून समजावं. लोकांना थेट विचारणं ऐकायला फार चांगलं वाटतं, पण त्यानं घटना गोठते हेही मान्य करायला हवं.


घाटमाथा

सार्वमताचा विचार आपल्याकडेही झाला होता. आणीबाणीनंतर १९७८ च्या ४५ व्या विधेयकात घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्यं बदलायची असतील तर सार्वमत घ्यावं असा खंड होता. राज्यसभेनं तो आणि आणखी काही खंड फेटाळले, उरलेलं विधेयक ४४ वी दुरुस्ती झालं. खंडवार मतदानाचं हे एक मोठं उदाहरण.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात याच टीकेला उत्तर दिलं होतं. घटनेवर नाराज असलेल्यांना फक्त दोन-तृतीयांश बहुमत मिळवायचं आहे, आणि प्रौढ मताधिकारानं निवडलेल्या संसदेत तेवढंही मिळत नसेल तर ती नाराजी सर्वसामान्य जनतेची आहे असं म्हणता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही रास्त वाटतो.


निवडुंग

पण मग ते दोन-तृतीयांश आणि निम्मी राज्यं मिळूनही न्यायालय दुरुस्ती रद्द करतं, त्याचं काय? न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९ वी दुरुस्ती जवळपास एकमतानं झाली होती, निम्म्याहून जास्त राज्यांनी मंजूर केली होती. १६ ऑक्टोबर २०१५ ला ४ विरुद्ध १ नं गेली. मला हे खटकतं. निवडून आलेल्यांनी सगळ्या चाळण्या पार केल्यावर ही आणखी एक चाळणी घटनेत कुठे लिहिली आहे?


तळटीप

लिहिलेली नाही, हे खरं. ती २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती प्रकरणात ७ विरुद्ध ६ नं आली. १३ न्यायाधीश, ६८ दिवस युक्तिवाद. दोन्ही बाजूंचे मुख्य वकील मुंबईचे: नानी पालखीवाला याचिकाकर्त्यांसाठी, आणि तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता असलेले एच. एम. सीरवाई केरळ सरकारसाठी. संसद घटनेचं कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, एवढा निष्कर्ष.

तुमचा आक्षेप त्या सहा न्यायाधीशांचाही होता. त्यांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. पण पुढे काय झालं ते पाहा. १९७५ मध्ये ३९ व्या दुरुस्तीनं पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाबाहेर काढला, तोही उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं ३६८ मध्ये उपकलम (४) आणि (५) घातलं: कुठल्याही दुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान नाही आणि संसदेच्या अधिकाराला मर्यादा नाही. या दोन्ही दुरुस्त्या विशेष बहुमतानंच झाल्या होत्या. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात ती उपकलमं रद्द झाली, आणि बहुमताचा निकाल लिहिला चंद्रचूड यांनी, आता सरन्यायाधीश म्हणून. अल्पमतात राहिलेल्या माणसानंच ती मर्यादा मान्य करून पुढे नेली, याला मी फार महत्त्व देतो.

९९ वीच्या निकालावर टीका करायला जागा आहे, आणि मी करतोही. न्यायाधीशांनी स्वतःच्या नियुक्तीबद्दलच्या दुरुस्तीचा निवाडा करणं अवघडल्यासारखं आहे. पण त्यावरून चौकटच नको म्हणणं मला धोक्याचं वाटतं.


निवडुंग

४२ वीचा मुद्दा मान्य. ९९ वीबद्दल मत बदललं नाही. "चौकटीत काय येतं" याची यादी दर निकालात वाढत जाते, त्यामुळे मसुदा करणाऱ्याला आधीच काही कळत नाही, ही अडचण उरतेच.


तळटीप

ती उरते. मान्य.


पुरवणी मागणी

शेवटचा एक टप्पा राहिला. संमती मिळाली म्हणजे दुरुस्ती अमलात आली असं नाही. १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून राष्ट्रपतींना संमती नाकारता किंवा विधेयक परत पाठवता येत नाही, तिथे गाडी अडत नाही. पण अनेक दुरुस्त्यांत "केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करील त्या दिवसापासून" असं पहिल्याच कलमात असतं.

४४ व्या दुरुस्तीचं कलम ३ प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दल होतं. कलम २२ मध्ये बदल करून सल्लागार मंडळाच्या मताशिवाय डांबून ठेवण्याची मुदत ३ महिन्यांवरून २ महिन्यांवर आणायची होती आणि मंडळाची रचनाही बदलायची होती. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण ते कलम लागू करणारी अधिसूचना निघाली नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये ए. के. रॉय प्रकरणात ती काढण्याचा आदेश सरकारला द्यायला नकार दिला. एवढी दशकं उलटली, अनेक सरकारं आली, कलम २२ अजून जुन्याच शब्दांत चालू आहे.

घरी घटनेची छापील प्रत असेल तर कलम २२ उघडा आणि पानाच्या तळाशी बघा. लागू न झालेला मजकूर बारीक अक्षरांत टिपेत दिलेला सापडेल. प्रत्येक दुरुस्तीच्या टिपेत दुरुस्तीचा क्रमांक, तिचं कलम आणि "पासून" पुढे अंमलाची तारीख असते. इथे ती तारीखच नाही.